नाळेतले रक्त कोणाच्या कामाचे?

एखाद्या माणसाला गावाची ओढ लागली की आपण म्हणतो, त्याची नाळ तिथे पुरली आहे. आमच्या नानीच्या काळात बाळंतपणे घरातच व्हायची. सुईण नाळ कापायची आणि वार परसात खड्डा करून पुरली जायची. त्या नाळेत उरलेल्या रक्ताचे पुढे काय होते, हा प्रश्न कोणाला पडत नव्हता.

गेल्या वर्षी तो प्रश्न आमच्या घरात आला, आणि येताना साठ हजार रुपयांचा कागद घेऊन आला. माझ्या थोरल्या आपाची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सातवा महिना होता. दवाखान्यात तपासणीला गेली असता बाहेरच्या बाकावर एका कंपनीचा तरुण तिच्याशेजारी येऊन बसला. गोड बोलणारा, टापटीप. हातात गुळगुळीत कागदाचे पत्रक. त्यावर हसऱ्या बाळाचे चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेले, ऐंशी आजारांपासून संरक्षण. तो म्हणाला, "बाजी, बाळाच्या नाळेतले रक्त आमच्या बँकेत ठेवा. उद्या बाळाला काही झाले तर त्याचेच रक्त त्याच्या कामी येईल. ही संधी आयुष्यात एकदाच मिळते."

भाचीच्या नवऱ्याचे मोबाइल दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. साठ हजार म्हणजे त्याची कित्येक महिन्यांची बचत. हप्त्यांची सोय होती, पण पहिला हप्ताही जड होता. आपाने हातातल्या दोन बांगड्या मोडायची तयारी दाखवली. "नातवाच्या जिवापुढे सोने काय?" असे ती म्हणाली. रात्री भाचीचा मला फोन आला. "खाला, तू शिकलेली आहेस. सांग ना, पैसे भरायचे का?"

आता मी शिकलेली आहे हे खरे, पण मी शाळेत शिकवते भाषा, उर्दू आणि मराठी. विज्ञान माझा विषय नाही. मी तिला म्हणाले, "आठ दिवस थांब. माहिती काढते."

त्याच आठवड्यात माझ्या सहावीच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील शाळेत आले. हा मुलगा दर तीन आठवड्यांनी दोन दिवस गैरहजर असतो. त्याला थॅलेसेमिया मेजर आहे. शरीरात रक्त नीट तयार होत नाही, म्हणून तो सहा महिन्यांचा असल्यापासून त्याला बाहेरून रक्त चढवावे लागते. वडील हमाली करतात. ते रजेचा अर्ज द्यायला आले होते. जाता जाता म्हणाले, "मॅडम, घरात पाहुणा येणार आहे. रक्त देणारे डॉक्टर म्हणतात, त्या बाळाची नाळ फेकू देऊ नका, तिच्यातले रक्त या मुलाच्या कामी येऊ शकते. हे काय असते?"

एकीकडे ज्या बाळाला कसलाही आजार नाही त्याच्या घरी कंपनीचा माणूस स्वतःहून आला होता. दुसरीकडे ज्या घराला त्या रक्ताची खरोखर गरज होती, त्या घरी कोणीच पत्रक घेऊन गेले नव्हते. या दोन घरांसाठी मी जे वाचले, दोन डॉक्टरांना आणि आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना जे विचारले, ते आज वाचकांपुढे ठेवते आहे.

मूलपेशी म्हणजे काय?

आपले शरीर अब्जावधी पेशींचे बनलेले आहे. बहुतेक पेशींचे काम ठरलेले असते. कातडीची पेशी कातडीचेच काम करते, स्नायूची पेशी स्नायूचेच. पण काही पेशींचे काम अजून ठरलेले नसते. त्या दोन गोष्टी करू शकतात. स्वतःसारखी दुसरी पेशी तयार करतात, आणि गरज पडेल तशी वेगळ्या कामाची पेशीही तयार करतात. यांना मूलपेशी म्हणतात. इंग्रजीतला स्टेम सेल हा शब्द आता सगळ्यांच्या कानावर आहे.

सगळ्या मूलपेशी सारख्या नसतात. आईच्या पोटात गर्भ अगदी सुरुवातीच्या काही दिवसांचा असतो तेव्हाच्या मूलपेशी शरीराचा कोणताही अवयव घडवू शकतात. १९९८ साली अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी अशा पेशी प्रयोगशाळेत वेगळ्या करून वाढवल्या. त्या मिळवण्यासाठी गर्भ नष्ट करावा लागतो, म्हणून त्यावर जगभर वाद झाला. दुसऱ्या प्रकारच्या मूलपेशी जन्मानंतरही आपल्या शरीरात असतात, पण त्यांची मर्यादा ठरलेली असते. हाडांच्या पोकळीतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी असतात. त्या रक्त तयार करतात, मेंदू तयार करत नाहीत.

नाळेच्या रक्तातल्या पेशी या दुसऱ्या प्रकारच्या आहेत. पत्रकातला बराचसा गोंधळ इथे सुरू होतो. मूलपेशी म्हटले की काहीही घडवणारी जादूची पेशी, असे वाचणाऱ्याला वाटते. तसे नाही.

नाळेच्या रक्तात कोणकोणत्या पेशी?

पहिला आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रकार म्हणजे रक्त घडवणाऱ्या मूलपेशी. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स या तिन्ही यांच्यापासून होतात. बाळ पोटात असताना या पेशी त्याच्या रक्तातून फिरत असतात, म्हणून जन्माच्या वेळी नाळेत आणि वारेत उरलेल्या रक्तातही त्या सापडतात. ज्याची अस्थिमज्जा बिघडली आहे, त्याची जुनी मज्जा औषधांनी रिकामी करून या पेशी शिरेतून दिल्या जातात. त्या आपोआप हाडांत जाऊन बसतात आणि नवे रक्त घडवू लागतात.

दुसरा प्रकार मेसेन्कायमल पेशींचा. यांच्यापासून हाड, कूर्चा आणि चरबीच्या पेशी होऊ शकतात. पण नाळेच्या रक्तात त्या फार थोड्या असतात. नाळेच्या आत जो चिकट, जेलीसारखा भाग असतो त्यात त्या भरपूर असतात. म्हणूनच आता कंपन्या रक्ताबरोबर नाळेचा तुकडाही साठवण्याचे वेगळे पैसे सांगतात. या पेशींवर जगभर संशोधन चालू आहे. मात्र भारतात नाळेचा तुकडा, वार किंवा दुधाचे दात यांची व्यापारी साठवण करायला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत परवानगी नाही. परवानगी आहे ती फक्त नाळेच्या रक्ताच्या साठवणीला, तीही सरकारी परवाना घेतलेल्या बँकेला.

तिसरा प्रकार रक्तवाहिन्यांचे अस्तर घडवणाऱ्या पेशींचा. या अजून प्रयोगशाळेच्या आणि चाचण्यांच्या पातळीवरच आहेत.

म्हणजे पत्रकात तिन्ही प्रकारांची नावे असली, तरी आज रुग्णाच्या खरोखर कामी येतो तो पहिलाच प्रकार. आयसीएमआरच्या त्याच तत्त्वांनुसार मान्यता आहे ती रक्ताच्या ठरावीक आजारांत या मूलपेशींचे रोपण करण्याला. मधुमेह, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मणक्याची इजा यांवर मूलपेशी हा मान्य उपचार नाही. फार तर रीतसर परवानगी घेतलेल्या चाचणीत त्या वापरता येतात, आणि चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. आपल्या वस्तीत दिव्यांग मुलांचे आईबाप अशा "इंजेक्शना"साठी कर्ज काढताना मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी ही ओळ पुन्हा वाचण्यासारखी आहे.

पॅरिसमधली पहिली पिशवी

नाळेच्या रक्ताचा उपयोग होतो हे पहिल्यांदा सिद्ध झाले ऑक्टोबर १९८८ मध्ये. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातला पाच वर्षांचा एक मुलगा फॅन्कोनी अॅनिमिया या आजाराने ग्रस्त होता. हा आनुवंशिक आजार आहे. यात अस्थिमज्जा हळूहळू रक्त बनवणे थांबवते. त्याच्या आईला दुसरे बाळ होणार होते. पोटातच तपासणी झाली. बाळाला तो आजार नव्हता, आणि तिचे ऊतक भावाशी जुळत होते. बहीण जन्मली तेव्हा तिच्या नाळेतले रक्त गोळा केले गेले. हॅल ब्रॉक्समायर यांच्या प्रयोगशाळेत ते गोठवून ठेवले गेले. मग ते गोठलेले रक्त पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात नेले आणि डॉ. एलियान ग्लुकमन यांनी ते मुलाला दिले. मुलगा बरा झाला आणि मोठा होऊन संसाराला लागला.

या गोष्टीत लक्षात घेण्यासारखे एक आहे. त्या मुलाला स्वतःच्या नाळेचे रक्त दिले नव्हते. दिले होते ते निरोगी बहिणीचे.

पुढे १९९२ साली न्यूयॉर्क ब्लड सेंटरने लोकांनी दान केलेल्या नाळेच्या रक्ताची पहिली सार्वजनिक बँक सुरू केली. आजवर जगात अशा रक्ताची चाळीस हजारांहून अधिक रोपणे झाली आहेत. ल्युकेमिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, अप्लास्टिक अॅनिमिया, जन्मजात प्रतिकारशक्ती नसणे अशा आजारांत ती झाली. २०२२ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या एका बाईंची बातमी आली होती. त्यांना ल्युकेमिया होता आणि एचआयव्हीही होता. एचआयव्हीला शरीरात शिरू न देणारा जनुकीय बदल असलेले नाळेचे रक्त त्यांना दिले गेले आणि दोन्ही आजार मागे हटले.

फायदे आणि मर्यादा

नाळेचे रक्त घेणे सोपे आहे. बाळ जन्मल्यावर, नाळ कापून झाल्यावर, आईच्या बाजूला उरलेल्या नाळेच्या शिरेत सुई घालून रक्त पिशवीत उतरवतात. पाच-दहा मिनिटांचे काम. ना आईला दुखते, ना बाळाला. प्रयोगशाळेत ते तपासून, पेशी वेगळ्या करून, उणे १९६ अंश सेल्सियसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. वर्षानुवर्षे ते टिकते.

दुसरा फायदा जुळणीचा. अस्थिमज्जा द्यायची तर दाता आणि रुग्ण यांचे ऊतक जवळजवळ पूर्ण जुळावे लागते. त्या तपासणीला एचएलए म्हणतात. नाळेच्या रक्तातल्या पेशी अजून कोवळ्या असतात, त्यामुळे थोडी तफावत चालून जाते.

मर्यादा मात्र मोठी आहे, आणि ती साध्या गणिताची आहे. रोपणासाठी रुग्णाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे निदान अडीच कोटी पेशी लागतात. एका चांगल्या पिशवीत साधारण शंभर कोटी पेशी निघतात. दहा किलोच्या बाळाला पंचवीस कोटी लागतील, म्हणजे भागले. साठ किलोच्या माणसाला दीडशे कोटी लागतील, म्हणजे एक पिशवी पुरत नाही. शिवाय या पेशींना हाडांत बसून काम सुरू करायला तीन-चार आठवडे लागतात. तेवढे दिवस रुग्णाला जंतुसंसर्गाचा धोका असतो. यावर उपाय म्हणून पेशी प्रयोगशाळेत वाढवून देण्याचे एक तंत्र अमेरिकेत २०२३ साली मंजूर झाले. दुसरीकडे, अर्धे ऊतक जुळणाऱ्या आई, वडील किंवा भावंडांची मज्जा वापरण्याच्या पद्धती आता सुधारल्या आहेत. त्यामुळे नाळेच्या रक्ताची गरज पूर्वीपेक्षा कमी लागते.

स्वतःचेच रक्त स्वतःला का चालत नाही?

भाचीला मी सगळ्यांत आधी हे समजावले. समजा बाळाला पुढे थॅलेसेमिया निघाला. हा आजार जनुकातला आहे. तोच दोष त्याच्या नाळेच्या रक्तातल्या प्रत्येक पेशीत आहे. ते रक्त परत दिले तर आजारच परत दिल्यासारखे होईल. समजा ल्युकेमिया झाला. लहान मुलांच्या ल्युकेमियाची सुरुवात काही वेळा जन्माआधीच झालेली असते, तेव्हा त्या रक्तातही बिघडलेल्या पेशी असू शकतात. शिवाय दुसऱ्याच्या पेशी उरलेल्या कर्करोगाशी लढतात, स्वतःच्या पेशी त्याला ओळखत नाहीत.

पत्रकातले ऐंशी आजार खोटे नाहीत. पण त्यांतले बहुतेक दुसऱ्याच्या निरोगी पेशींनी बरे होतात, हे पत्रकात लिहिलेले नसते. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१८ साली आपले मत जाहीर केले. पहिल्या वीस वर्षांत स्वतःचे साठवलेले रक्त स्वतःला लागण्याची शक्यता अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक एवढीच आहे, आणि "जैविक विमा" म्हणून खासगी बँकेत रक्त ठेवण्याची शिफारस करता येत नाही, असे त्यात म्हटले आहे.

काही कंपन्या आता सामायिक साठ्याची योजना सांगतात. तुम्ही तुमचे रक्त ठेवा, गरज पडली तर सगळ्यांच्या साठ्यातून जुळणारे मिळेल. कल्पना ऐकायला बरी आहे. पण पैसे भरण्याआधी काही प्रश्न विचारावेत. बँकेचा परवाना चालू आहे का? आजवर किती पिशव्या रुग्णांना प्रत्यक्ष दिल्या? पिशवीत किती पेशी निघाल्या याचा लेखी अहवाल मिळेल का, आणि कमी निघाल्या तर पैसे परत मिळतील का? कंपनी बंद पडली तर रक्ताचे काय? उत्तर लेखी मागावे. तोंडी उत्तर म्हणजे उत्तर नाही.

बाळाचा पहिला हक्क

एक गोष्ट मला डॉक्टरांनी सांगेपर्यंत ठाऊक नव्हती. बाळ जन्मल्यावर नाळ लगेच कापायची नाही, एक ते तीन मिनिटे थांबायचे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या वेळात वारेतले रक्त बाळाच्या अंगात जाते. त्यातून मिळणारे लोह त्याला पुढचे कित्येक महिने पुरते. आपल्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) पाच वर्षांखालील ६७ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी आहे. अशा देशात बाळाच्या वाट्याचे रक्त पिशवीत भरून गोठवायचे, आणि सहा महिन्यांनी त्याच बाळाला लोहाचे थेंब पाजायचे! पिशवी भरण्यासाठी नाळ घाईने कापू देऊ नये. थांबून कापल्यावर जे उरेल तेवढेच घ्यावे.

दीनच्या नजरेतून

आपाचे दोन प्रश्न होते. एक, हे जायज आहे का? मक्का येथील राबितातुल आलमिल इस्लामीच्या फिक्ह परिषदेने डिसेंबर २००३ मध्ये सतराव्या अधिवेशनात मूलपेशींचा विचार केला. आईवडिलांच्या संमतीने वारेतून आणि नाळेच्या रक्तातून उपचारासाठी मूलपेशी घेणे परिषदेने जायज ठरवले. जाणूनबुजून गर्भपात करून पेशी मिळवण्यास मात्र मनाई केली.

दुसरा प्रश्न बायकांच्या मनात हमखास येतो. एका बाळाचे रक्त दुसऱ्याच्या अंगात गेले तर दूधभावंडांसारखे नाते जडते का? रक्त दिल्याने रजाअतचे नाते जडत नाही, हे आलिमांनी स्पष्ट केले आहे. रक्त काढून झाल्यावर वार घरी मागून नेऊन पुरायची असेल, तर दवाखान्याला आधी सांगून ठेवावे. रक्त घेतल्याने त्यात अडचण येत नाही. आपल्या मनात शंका असेल तर आपल्या भागातल्या जाणकार मुफ्तींना जरूर विचारावे, पण विचारताना डॉक्टरांचा कागद सोबत न्यावा.

खरी तपासणी साठ हजारांची नाही

भाचीला मी बँकेऐवजी एक रक्ततपासणी करायला सांगितली. तिचे लग्न चुलत मामाच्या मुलाशी झालेले आहे. आपल्याकडे जवळच्या नात्यात निकाह होतात. शरीअतने ते जायज ठेवले आहेत. पण एकाच घराण्यातल्या दोघांत एकच जनुकीय दोष दडलेला असण्याची शक्यता जास्त असते, हेही खरे आहे. थॅलेसेमिया मायनर असलेला माणूस ठणठणीत असतो. त्याला पत्ताही नसतो. नवराबायको दोघेही मायनर असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळ मेजर होण्याची शक्यता चारात एक. आपल्या देशात दरवर्षी सुमारे दहा हजार बाळे हा आजार घेऊन जन्मतात.

तपासणीचे नाव एचबीए-टू. काही शे रुपयांत होते, अनेक सरकारी रुग्णालयांत मोफत होते. आकडा साडेतीनच्या वर गेला तर माणूस मायनर असण्याचा संशय घेतात. इराणने १९९७ पासून आणि सौदी अरेबियाने २००४ पासून निकाहापूर्वी ही तपासणी सक्तीची केली. निकाह मोडण्यासाठी नाही, तर कळून-सवरून निर्णय घेता यावा म्हणून. आपल्या जमातींनी निकाहाच्या फॉर्मसोबत तपासणीची फक्त चिठ्ठी दिली तरी पुष्कळ होईल.

भाचीचा अहवाल आला. ५.१. मायनर. माझ्या हातापायातले बळ गेले. तिला धीर देत होते, पण सातव्या महिन्यात हे कळून काय उपयोग, असे मनात येत होते. दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याचे रक्त दिले. अहवालाला पाच दिवस लागले. ते पाच दिवस आपाने कोणाशी धड बोलणे केले नाही. बांगड्यांचा विषयही निघाला नाही. सहाव्या दिवशी अहवाल आला. २.७. एकटी आई मायनर असेल तर बाळ फार तर मायनर होईल, मेजर नाही. डॉक्टरांनी हे तोंडाने सांगितले तेव्हा जावई खुर्चीवर बसून रडला.

पैसे भरले नाहीत. बाळंतपण सुखरूप झाले. नाळ कापायला दोन मिनिटे थांबले. मुलगा झाला. आपाच्या बांगड्या तिच्या हातातच आहेत, आणि अकीका घरच्या अंगणात झाला.

आणि त्या मुलाचे काय झाले?

माझ्या विद्यार्थ्याच्या आईने मात्र पहिल्यापासून डॉक्टरांचे ऐकले होते. तिसऱ्या महिन्यातच वारेचा अंश घेऊन तपासणी झाली. पोटातले बाळ मेजर नव्हते, मायनर होते. मायनर भावंड दाता होऊ शकते. बाळंतपणासाठी त्यांना मोठ्या शहरातल्या रुग्णालयात पाठवले. रक्त घेतले गेले, तेही वेळेत. ज्या घरात असा आजार आहे तिथे पोटातल्या बाळाच्या नाळेचे रक्त ठेवावे, असे खासगी बँकांना विरोध करणारे तज्ज्ञही सांगतात.

मुलगी जन्मली. मग एचएलएची तपासणी झाली. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. जुळले नाही. थोरल्या बहिणीचेही पूर्वी जुळले नव्हते.

वडील शाळेत आले तेव्हा मी काय बोलावे मला सुचेना. तेच म्हणाले, "मॅडम, अल्लाहची मर्जी. पण आम्ही दार ठोठावले नाही असे तर झाले नाही." आता त्याच्यासाठी दात्यांच्या नोंदवहीत शोध चालू आहे. वडिलांची अर्धी जुळणारी मज्जा वापरता येईल का, याचाही डॉक्टर विचार करत आहेत. अशा रोपणासाठी कोल इंडियाची थॅलेसेमिया बाल सेवा योजना ठरावीक रुग्णालयांत दहा लाखांपर्यंत मदत देते. त्याचे कागद आम्ही शिक्षकांनी मिळून भरले. थॅलेसेमिया २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे, हे आम्हाला शाळेत कोणालाच माहीत नव्हते. आता त्याचे प्रमाणपत्र निघाले आहे.

दात्यांच्या नोंदवहीचा विचार मनातून जात नाही. आपल्या देशात दात्रीसारख्या संस्था अशी नोंदवही ठेवतात. ऊतक जुळण्याची शक्यता आपल्याच वंशाच्या, आपल्याच भागातल्या लोकांत जास्त असते. आपल्या माणसांची नावेच त्यात नसतील, तर आपल्या मुलांना जुळणारा दाता मिळणार कुठून? नाव नोंदवताना फक्त गालाच्या आतल्या बाजूचा कापसाचा बोळा द्यावा लागतो. पुढे कधी कोणाशी जुळले, तर बहुतेक वेळा रक्तदानासारख्या पद्धतीनेच मूलपेशी घेतात. पैसा लागत नाही. बांगडी मोडावी लागत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या शाळेतल्या सात शिक्षकांनी आणि पाच पालकांनी ते बोळे पाठवले. भाचीच्या नवऱ्यानेही पाठवला. वर्गातला तो मुलगा मात्र सगळ्यांत आधी एकच विचारतो, "मॅडम, माझ्याशी जुळले नाही तर दुसऱ्या कोणाशी तरी जुळेल ना?" मी म्हणते, इन्शाअल्लाह.